एक बेट, दोन पावसाळे

२००२ सालची चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल तुमच्यापैकी फारच थोड्यांना आठवत असेल. बहुतेकांचा जन्मच त्यानंतरचा! भारत विरुद्ध श्रीलंका, मैदान कोलंबोचं. २९ सप्टेंबरला मॅच सुरू झाली आणि पावसाने बंद पाडली. राखीव दिवशी, म्हणजे ३० तारखेला, पहिल्यापासून सुरू केली, तर पुन्हा पाऊस. शेवटी ट्रॉफी दोघांत वाटून दिली. आता दुसरी गोष्ट ऐका. त्याच देशात दांबुल्ला या गावी २००० साली एक नवं स्टेडियम बांधलं होतं. जवळ मोठं शहर नाही, शेजारी आहे ते एक तळं. कारण काय, तर कोलंबोकडे पावसाळा चालू असतानाही वन-डे खेळता यावी म्हणून. कोलंबोपासून दांबुल्ला रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पुणे-मुंबई एवढं अंतर. पण पावसाचं वेळापत्रकच वेगळं!

मित्रांनो, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी भूगोल दहावीचा पेपर देऊन जो सोडला तो सोडलाच. मीही त्यातलाच. पण थर्ड इयरला हायड्रॉलॉजी आलं, सेमिनारला विषय हवा होता, आणि श्रीलंका हाती लागली. सेमिनार झाला, मार्क मिळाले, तरी विषय काही सुटला नाही. याला एक घरचं कारणही आहे. माझं गाव माण तालुक्यातलं. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्याकडे पाचशेच्या आसपास. त्यामुळे 'जिल्ह्याची सरासरी' हा शब्द ऐकला की आमच्याकडची म्हातारी माणसं हसतात. श्रीलंकेत हाच प्रकार अख्ख्या देशाच्या मापाने चालतो, आणि त्यावर तिथल्या लोकांनी दोन हजार वर्षं डोकं चालवलेलं आहे.

आधी थोडी ओळख करून घेऊ. श्रीलंकेचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाचवा भाग. उत्तर-दक्षिण लांबी सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. बेट विषुववृत्ताच्या वर ६ ते १० अंशांच्या पट्ट्यात बसलेलं, त्यामुळे आपल्यासारखा उन्हाळा-हिवाळा तिथे जवळजवळ नाहीच. कोलंबोचं सरासरी तापमान बाराही महिने सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास घोटाळतं. स्वेटर घालायचा तर डोंगर चढायचा, एवढा एकच उपाय! नुवारा एलिया हे थंड हवेचं गाव जवळजवळ १,९०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही वर. सगळ्यात उंच शिखर पिदुरुतलागला, २,५२४ मीटर.

हे डोंगर बेटाच्या मधोमध, पण जरा दक्षिणेकडे सरकलेले आहेत. बेट म्हणजे एक मोठं ताट समजा आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात भाताची मूद ठेवली आहे असं समजा. मुदीवर ओतलेलं वरण जसं चारी बाजूंनी ओघळतं तशा तिथल्या नद्या चारी दिशांना समुद्राकडे जातात. अशी १०३ नदीखोरी मोजलेली आहेत. त्यातल्या बऱ्याचशा लहान. फक्त महावेली ही ३३५ किलोमीटरची नदी मोठी, आणि तिचं वागणं बाकीच्यांपेक्षा निराळं. त्यावर पुढे येतोच.

आता पाऊस. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारा, म्हणजे आपल्याकडे केरळमार्गे येतो तोच. तो बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यावर आदळतो, डोंगर चढतो, थंड होतो आणि सगळं ओझं तिथेच उतरवतो. पश्चिम उतारावर काही ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. डोंगर ओलांडून पलीकडे उतरणारा वारा मात्र कोरडा आणि गरम. याचं गणित थर्मोडायनॅमिक्सवाल्यांना लगेच कळेल. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, म्हणून वर चढणारी ढगाळ हवा किलोमीटरमागे साधारण सहा अंशांनी थंड होते. पण पाणी सांडून कोरडी झालेली हवा खाली उतरताना किलोमीटरमागे जवळजवळ दहा अंशांनी तापते. म्हणजे डोंगराच्या त्या बाजूला ती निघाली होती त्यापेक्षा गरम होऊन पोचते. या वाऱ्याला तिथे 'कच्चान' म्हणतात. ज्या महिन्यांत कोलंबोत छत्री मिटत नाही, त्याच महिन्यांत पूर्वेकडे शेतं करपतात.

डिसेंबर ते फेब्रुवारीत उलटं. ईशान्येकडून बंगालच्या उपसागरावरून वारा येतो आणि उत्तर-पूर्व भागाला पाऊस देतो. या दोन मोसमांच्या मध्ये दोन छोटे काळ येतात, मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्यातला दुसरा महत्त्वाचा, कारण दुपारच्या गडगडाटी सरी आणि उपसागरातले कमी दाबाचे पट्टे मिळून तेव्हा सगळ्या बेटावरच पाऊस होतो. शेतीचे हंगामही यावरूनच ठरतात. ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होणारा मोठा हंगाम 'महा' आणि उन्हाळ्यातला छोटा 'यल'.

चहाच्या टपरीवर बसणाऱ्यांसाठी एक जास्तीची माहिती देतो. श्रीलंकेचा चांगला डोंगरी चहा वर्षातून एकाच वेळी निघत नाही. डोंगराच्या पूर्वेकडच्या उवा भागात उत्तम चहा जुलै-ऑगस्टमध्ये निघतो, तो कोरडा वारा सुटलेला असतो तेव्हा. कोरड्या हवेत पानाची वाढ मंदावते आणि स्वाद दाट होतो. पश्चिमेकडच्या दिंबुला भागात तीच वेळ जानेवारी ते मार्च. डोंगर एकच, चहा एकच, फक्त वारा कुठून येतो यावर सगळा भाव!

आता मुद्द्याचा आकडा. श्रीलंकेचा सरासरी पाऊस वर्षाला सुमारे १,८५० मिलिमीटर. ऐकायला झकास वाटतं. पण या आकड्याच्या भरवशावर तिथे एक साधी मोरीसुद्धा बांधता येणार नाही. देशाचे तीन भाग पाडतात. २,५०० मिलिमीटरच्या वरचा तो ओला भाग, हा नैऋत्येकडे, देशाच्या पाव हिश्श्याएवढा. १,७५० च्या खालचा तो कोरडा भाग, आणि दोहोंच्या मध्ये एक पट्टा. कोरडा भाग देशाच्या निम्म्याहून बराच मोठा आहे. मन्नार आणि हंबनटोटाकडे तर हजार मिलिमीटरही होत नाहीत.

गंमत अशी की या कोरड्या भागातल्या अनुराधपुरात वर्षाला १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पुण्यात सातशेच्या घरात होतो, आणि पुण्याला कोणी कोरडं म्हणत नाही! मग अडचण कुठे? अडचण वेळेची. यातला बराचसा पाऊस दोन-तीन महिन्यांत पडून जातो आणि मग मे ते सप्टेंबर कच्चान. वर्षभराचं बाष्पीभवन पडलेल्या पावसाहून जास्त. खाली जुना कठीण खडक, त्यात पाणी फारसं मुरत नाही. म्हणजे पाणी आहे, पण ते पडेल त्या महिन्यात पकडलं नाही तर नाही.

आणि लक्षात घ्या, सिंहली राज्यं उभी राहिली ती या कोरड्या भागात. आधी अनुराधपूर, मग पोलोन्नरुवा. हे जमलं तळ्यांमुळे. तळ्याला सिंहलीत 'वेव' म्हणतात. अनुराधपुरातला अभय वेव इसवी सनाच्या आधीचा मानतात. पाचव्या शतकात धातुसेन राजाने काला वेव बांधला, बाराव्या शतकात पहिल्या पराक्रमबाहूने पोलोन्नरुवाला पराक्रम समुद्र. ही झाली मोठी नावं. खरा कारभार छोट्या गावतळ्यांचा आहे, अशी दहा हजारांहून जास्त तळी आजही कोरड्या भागात आहेत.

ही तळी सुटी सुटी नाहीत. एका उथळ खोऱ्यात ती एकाखाली एक माळेसारखी असतात. वरच्या तळ्याचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या तळ्यात. वरच्या गावाच्या भातखाचरांतून निथळलेलं पाणीही खालच्या तळ्यात. एकच पाणी पाच-सहा गावं वापरतात. प्रत्येक तळ्याचे अवयव ठरलेले आहेत. तळ्याच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा, वारा अडवायला आणि बाष्पीभवन कमी करायला. त्याच्या वर गवताचा पट्टा, गाळ गाळून घ्यायला. बांधाच्या आतल्या अंगाला लाटांचा मार सोसायला दगडी पिचिंग. आणि बांधाच्या खाली, शेत सुरू होण्याआधी, पुन्हा झाडीची एक पट्टी सोडलेली. तिला 'कट्टकडुव' म्हणतात. बांधातून झिरपणाऱ्या पाण्यातले क्षार ती झाडं शोषून घेतात, शेतात जाऊ देत नाहीत. आमच्या गावाला मी शाळेत असताना पाझर तलाव झाला. वरच्या अंगाला एक झाड लावलेलं नाही, गवत नाही. आज तो निम्मा गाळाने भरलेला आहे. सेमिनारची तयारी करताना या पट्ट्यांची आकृती काढत होतो तेव्हा राहून राहून तोच डोळ्यांपुढे येत होता. २०१७ साली जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने या तळ्यांच्या माळांना जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

आता आपल्या ब्रँचचा भाग. दहा मीटर खोल तळ्याच्या तळाशी मोरी उघडली तर पाणी किती वेगाने सुटेल? दोन जी एच, त्याचं वर्गमूळ. साधारण १४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. मातीच्या बांधातून असं पाणी काढलं तर बांध धुपून जायला किती वेळ लागेल हे सांगायला नको. यावर तिथल्या लोकांनी काढलेली युक्ती म्हणजे 'बिसोकोटुव'. बांधाच्या आतल्या अंगाला विटा-दगडांची एक चौकोनी विहीर बांधायची. तळ्यातलं पाणी आधी मोरीतून या विहिरीत येतं, तिथे त्याचा जोर मोडतो, आणि मग ते दुसऱ्या मोरीने बांधाखालून बाहेर पडतं. किती पाणी सोडायचं ते विहिरीतल्या दाराने ठरवायचं. आज आपण ज्याला व्हॉल्व्ह टॉवर म्हणून डिझाइन करतो, त्याचंच हे काम. हेन्री पार्कर नावाचा ब्रिटिश इंजिनिअर एकोणिसाव्या शतकात तिथल्या पाटबंधारे खात्यात होता. त्याने या विहिरींची मापं घेतली आणि युरोपातल्या व्हॉल्व्ह पिटच्या कित्येक शतकं आधी हे इथे होतं असं लिहून ठेवलं.

दुसरा नमुना कालव्याचा. काला वेवापासून अनुराधपुरापर्यंत ८७ किलोमीटरचा एक कालवा आहे, त्याला जयगंगा किंवा योद एला म्हणतात. पहिल्या सत्तावीस-एक किलोमीटरमध्ये त्याचा उतार मैलाला सहा इंच आहे. म्हणजे किलोमीटरला जेमतेम दहा सेंटिमीटर! आपण सर्व्हे प्रॅक्टिकलला ऑटो लेव्हल लावून कॉलेजच्या गेटापासून कँटीनपर्यंत लेव्हल घेतो आणि क्लोजिंग एरर किती येते ते आपलं आपल्याला माहीत. शिवाय या कालव्याला बांध फक्त उताराच्या बाजूला. वरची बाजू उघडी, म्हणजे डोंगरउतारावरून वाहून येणारं पाणीही कालव्यातच यायचं आणि जागोजागी पसरून थांबायचं. त्यामुळे कालवा हेच एक लांबट तळं होतं.

पण मला सगळ्यात जास्त भावली ती बांधकामाची नव्हे, वाटपाची गोष्ट. 'बेत्म' नावाची एक पद्धत आहे. पाऊस कमी झाला आणि तळ्यात सगळ्या शेताला पुरेल एवढं पाणी नाही असं दिसलं, की गाव बसून ठरवतं की यंदा फक्त तळ्याजवळची एवढीच जमीन भिजवायची. मग ती जमीन कोणाच्या नावावर आहे हे त्या हंगामापुरतं बाजूला. तिचे तुकडे पाडून सगळ्या शेतकऱ्यांना त्यांच्या त्यांच्या हिश्श्याप्रमाणे पिकवायला देतात. शेवटच्या टोकाला ज्याचं शेत आहे त्यालाही बांधाजवळ तुकडा मिळतो. पाणी कमी अंतर जातं, वाटेत मुरत नाही, आणि 'टेल'चा माणूस उपाशी राहत नाही. ज्यांनी आपल्याकडे कालव्याच्या आवर्तनासाठी रात्री-अपरात्री पाटकऱ्याची वाट पाहिली आहे, त्यांना याचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही.

तेराव्या शतकानंतर हा सगळा प्रदेश हळूहळू ओस पडला. परकी स्वाऱ्या, राज्यकारभार मोडणं, मलेरिया, अशी कारणं इतिहासकार देतात आणि त्यावर वादही घालतात. लोक ओल्या भागाकडे सरकले. तळी जंगलात बुडाली. ब्रिटिशांच्या काळात आणि नंतर त्यातली बरीच पुन्हा दुरुस्त झाली.

मग आली महावेली योजना. ही नदी निघते ओल्या डोंगरात, कँडीवरून जाते, मग पूर्वेकडे वळून कोरड्या भागातून त्रिंकोमालीजवळ समुद्राला मिळते. ओल्या भागाचं पाणी कोरड्याकडे नेणारी ही एकच मोठी वाट, मग इंजिनिअर लोक ती सोडतील कशी? १९७६ साली कँडीजवळ पोल्गोल्ला इथे तिचं पाणी बोगद्यातून उत्तरेकडे वळवलं. १९७७ नंतर तीस वर्षांचं काम सहा वर्षांत करायचं असं सरकारने ठरवलं. १९८५ साली उद्घाटन झालेलं व्हिक्टोरिया धरण १२२ मीटर उंच, कमानीचं. आपल्या कोयनेपेक्षाही उंच. वळवलेलं पाणी पुढे आणखी एका बोगद्याने काला वेवात जातं. म्हणजे पाचव्या शतकातल्या तळ्यात विसाव्या शतकातल्या बोगद्याचं पाणी! विस्थापितांना आणि नव्या वस्तीकऱ्यांना कुटुंबामागे अडीच एकर भिजणारी जमीन आणि अर्धा एकर घराला मिळाली. पण कोरड्या भागात, विशेषतः पूर्वेकडे, कोणाला वसवायचं यावरून सिंहली-तमिळ तणावात भर पडली, हेही सांगितलं पाहिजे. जुलै २००६ मध्ये तमिळ वाघांनी पूर्वेकडच्या माविल आरू इथल्या मोरीचं दार बंद केलं आणि खालच्या गावांचं पाणी तुटलं. त्यावरून जी लढाई पेटली तिथून शेवटचं युद्ध सुरू झालं आणि ते मे २००९ मध्ये संपलं.

उत्तरेच्या जाफना द्वीपकल्पाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे चुनखडीचा खडक, बारमाही नदी एकही नाही, सगळं विहिरींवर. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस मीटर, हा घनतेच्या फरकाचा हिशोब. याचा अर्थ वरची पातळी उपशाने एक मीटर उतरवली तर खालून खारं पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहतं. पंप आल्यावर तिथल्या कितीतरी विहिरी खाऱ्या झाल्या, आणि खतांमुळे पाण्यात नायट्रेट वाढलं ते वेगळंच.

तर कोरड्या भागाची काळजी करावी आणि ओल्या भागाने मजेत राहावं, असंही नाही. १९३४ साली नैऋत्य मोसमी पाऊस ओल्या भागातच दगा देऊन गेला. एरवी भरून वाहणाऱ्या नद्यांची डबकी झाली आणि डबक्यांत मलेरियाचे डास. कोरड्या भागातल्या लोकांना मलेरिया नेहमीचा होता, अंगात थोडी प्रतिकारशक्ती होती. ओल्या भागातल्यांना ती नव्हती. १९३४-३५ च्या त्या साथीत सुमारे ८०,००० माणसं गेली. दुष्काळाने डास वाढले, हे वाचून मी ते पान परत वाचलं होतं! (२०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका मलेरियामुक्त झाल्याचं जाहीर केलं.)

आणि नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी याच्या नेमकं उलट झालं. दितवा चक्रीवादळ बेटावरून गेलं आणि डोंगराळ भागात अफाट पाऊस झाला. कँडी, बदुल्ला, नुवारा एलिया या जिल्ह्यांत दरडी कोसळल्या, खाली केलनी नदीचं पाणी कोलंबोच्या परिसरात शिरलं. देशभरात सहाशेहून जास्त माणसं मेली. दरडी पडतात ते उतार मुळातच तीव्र, त्यांवर दीडशे वर्षांत जंगल तोडून चहाचे मळे झाले, रस्ते आणि घरांसाठी कापाकापी झाली. तिथली राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था दरडींचे इशारे तीन पायऱ्यांनी देते. आधी सावध राहा, मग तयारीत राहा, मग घर सोडा. हे ठरतं मुख्यतः २४ तासांत किती मिलिमीटर पडला यावर. त्यासाठी काही डोंगरगावांमध्ये साधी पर्जन्यमापकं दिलेली आहेत, आणि ती बघायला कोणी इंजिनिअर लागत नाही, गावातलंच कोणीतरी रात्री कंदील घेऊन जातं आणि आकडा वाचून येतं.